वाचकांचे प्रश्न : येशू, इतिहास आणि आपला विश्वास

गेल्या महिन्याच्या ईस्टर अंकात मी लिहिलं होतं की ख्रिस्ती विश्वास एका घडलेल्या घटनेवर उभा आहे, आणि जे घडलं म्हणून सांगितलं जातं त्याची चौकशी करायचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यावर पुष्कळ पत्रं आली. काही रागावून लिहिलेली, बरीचशी मनापासून विचारणारी. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी नगरला महाविद्यालयात इतिहास शिकवला, मोडी कागद वाचण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि दर रविवारी उपासनेला जातो. उत्तरं त्याच माणसाची आहेत.

प्रश्न : सर, मी नाशिकला एका कंपनीत नोकरी करतो. जेवणाच्या सुट्टीत मित्र म्हणाला, ‘येशू नावाचा माणूस होऊन गेला याला बायबलबाहेरचा एक तरी पुरावा दाखव.’ मला काही सांगता आलं नाही. खरंच असं काही आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. थोडा आहे, पण भक्कम आहे.

पहिला साक्षीदार रोमन इतिहासकार टॅसिटस. त्याने इ. स. ११६ च्या सुमारास लिहिलं. ६४ साली रोमला आग लागली, तिचा ठपका सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर ठेवला. ते सांगताना टॅसिटस ओघात एक वाक्य लिहितो : या लोकांना ज्याच्यावरून नाव पडलं त्या ख्रिस्ताला सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीत यहूदीयाच्या (यरुशलेम ज्यात येतं त्या प्रांताच्या) रोमन सुभेदाराने, पंतय पिलाताने, देहदंड दिला होता. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, तो त्यांच्या श्रद्धेला घातक अंधश्रद्धा म्हणतो. आपल्या बाजूने बोलायचं त्याला काही कारणच नव्हतं. तुमचा मित्र म्हणेल, ‘ही माहिती त्याने ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकली असेल.’ शंका रास्त आहे, आणि ती पुरती खोडून काढता येत नाही. म्हणून एकट्या टॅसिटसवर थांबू नये.

दुसरा जोसेफस, यहूदी इतिहासकार. त्याचा मोठा ग्रंथ ९३-९४ सालचा. त्यात येशूबद्दल दोन उल्लेख आहेत. अठराव्या भागातला उतारा मोठा आहे, आणि पुढच्या काळातल्या कुणा ख्रिस्ती नकलाकाराने त्यात भर घातली आहे हे आज जवळजवळ सगळे अभ्यासक मानतात. येशू ‘ख्रिस्त होता’ असं जोसेफससारखा यहूदी सरळ लिहील हे पटत नाही. मूळ काहीतरी होतं आणि त्यावर रंग चढवला गेला, असं बहुतेकांचं मत आहे. माझंही तेच. आपल्यातले काही प्रचारक हा उतारा अख्खाच्या अख्खा वाचून दाखवतात, ते थांबायला हवं.

विसाव्या भागातला उल्लेख मात्र मला फार मोलाचा वाटतो. इ. स. ६२. यहूदीयाचा रोमन सुभेदार फेस्त वारलेला, नवा अजून वाटेत. ती संधी साधून मुख्य याजक अनानस न्यायसभा बोलावतो आणि काही जणांना दगडमार करवतो. त्यांत एक ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ, नाव याकोब’. शहरातल्या नेमस्त माणसांना हे रुचत नाही, तक्रारी जातात आणि तीन महिन्यांत अनानसाचं पद जातं. जोसेफसला इथे सांगायची आहे ती अनानसाची भानगड. येशू येतो तो याकोब कोणता हे कळावं एवढ्यापुरता. जोसेफस जन्माने यरुशलेमचा, ६२ साली पंचविशीत. हे त्याच्या गावात, त्याच्या तरुणपणी घडलेलं आहे. मोडी दप्तरात मी अशीच वाक्यं शोधत असे, लिहिणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असताना कागदावर पडलेली.

तिसरा धाकटा प्लिनी. आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तरेकडच्या बिथुनिया प्रांताचा हा सुभेदार ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. चौकशीत त्याला कळलं ते असं : ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत हे जमतात, ख्रिस्त देव असल्यासारखं त्याचं स्तोत्र म्हणतात आणि चोरी, व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात. जास्त काही काढून घ्यायला त्याने मंडळीची सेवा करणाऱ्या दोन दासींचा छळही केला. त्या दोघींची नावं त्याने लिहिली नाहीत. मी हे पत्र वर्गात शिकवायचो तेव्हा त्या दोघींपाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नसे.

मित्र विचारेल, ‘एवढा मोठा माणूस, मग पुरावा इतका थोडा कसा?’ त्याला पिलाताबद्दल विचारा. पिलाताने दहा वर्षं, २६ ते ३६, यहूदीयाचा कारभार केला, पाठीशी रोमन सत्ता होती. तरी त्याचं नाव कोरलेला दगड सापडायला १९६१ साल उजाडावं लागलं. कैसरीया या बंदरगावी इटालियन पुरातत्त्वज्ञ जुन्या नाट्यगृहाचं उत्खनन करत होते. तिथे कधीतरी दुरुस्ती करताना पायरी म्हणून बसवलेला एक चुनखडीचा दगड निघाला. डावीकडची अक्षरं झिजून गेलेली, उरलेल्यांत तिबिर्याच्या नावाची एक इमारत, पिलाताचं नाव आणि त्याचा हुद्दा. गंमत पाहा, टॅसिटस त्याला एक हुद्दा देतो, दगडावर दुसराच आहे. टॅसिटसने स्वतःच्या काळातला हुद्दा मागच्या काळाला चिकटवला. उत्तम इतिहासकाराचं हे असं होतं, तर गालीलातल्या खेड्यातल्या सुताराचा दरबारी कागद मिळावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

बार्ट अर्मन हे अमेरिकन अभ्यासक स्वतः ख्रिस्ती विश्वास सोडून दिलेले आहेत. येशू होऊनच गेला नाही, या मताविरुद्ध २०१२ साली त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. मित्राला हे सांगा. पण लगेच हेही सांगा की या सगळ्यातून सिद्ध होतं ते एवढंच : असा माणूस होता, पिलाताच्या अमलाखाली तो वधस्तंभावर मेला, आणि त्याचे लोक त्याच्या नावाने टिकून राहिले. तो देवाचा पुत्र होता का, हे पिलाताच्या दगडाला विचारून उपयोग नाही.

प्रश्न : मी वसईला शाळेत शिकवते. आमच्या गटावर संदेश फिरतो आहे : ‘नव्या कराराच्या २४ हजार हस्तलिखित प्रती आहेत, जगात एवढा पुरावा कशालाच नाही, म्हणून बायबल खरं.’ उलट माझे एक सहकारी म्हणतात की बायबल शतकानुशतकं बदललं गेलं. दोघांत खरं कोण? — एक शिक्षिका, वसई

उत्तर : बाई, दोघांनाही थोडं थांबवायला हवं.

२४ हजारांत लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक अशा भाषांतरांच्या प्रतीही मोजलेल्या असतात. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक आहेत, हेही थोडंथोडकं नाही. पण त्यांतली बहुतेक मध्ययुगातली. आणि प्रती पुष्कळ आहेत म्हणून मजकूर खरा ठरत नाही. मूळ लेखकाने काय लिहिलं हे त्यांवरून ठरवता येतं, लिहिलेलं घडलं का हा प्रश्न वेगळा. आपले लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग समोरचा हसला की दुखावले जातात.

सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक मी डोळ्यांनी पाहिला आहे. मुलगी नोकरीनिमित्त मँचेस्टरला होती, तेव्हा तिथल्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात गेलो. काचेत ठेवलेला पपायरसचा कपटा, उंची जेमतेम नऊ सेंटिमीटर, रुंदी सहा, तळहातावर मावेल एवढा. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. याचा अर्थ तो गुंडाळीचा नव्हे, पानं असलेल्या वहीचा तुकडा. योहानाच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) अठराव्या अध्यायातल्या, पिलातापुढे येशू उभा आहे त्या प्रसंगाच्या ओळी त्यावर आहेत. १९२० साली इजिप्तमध्ये खरेदी झाला, १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा अक्षराच्या वळणावरून तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला गेला. पुढे अक्षरतज्ज्ञ सावध झाले. आता कुणी दुसऱ्या शतकाचा शेवट, कुणी तिसऱ्याची सुरुवातही शक्य मानतात. प्रवचनांत अजून ‘इ. स. १२५’ असा ठाम आकडा ऐकू येतो, तसा तो सांगू नये. मी मात्र त्या काचेपुढून लवकर हललो नाही. इजिप्तमधल्या कुणीतरी बोरूने एकेक अक्षर सुटं लिहिलेलं होतं, आणि आमच्या घरी रोज वाचला जाणारा मजकूर त्यात ओळखू येत होता.

आता तुमचे सहकारी. बदल झाले, हे खरं आहे. धरून आणलेल्या व्यभिचारिणीची गोष्ट, योहानाच्या आठव्या अध्यायातली, सर्वांत जुन्या प्रतींत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन नामांकित प्रतींत नाहीत. तिथे मार्क कबरीपाशी संपतो : स्त्रिया भ्याल्या, पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पण हे आपल्याला समजलं कसं? प्रती एकमेकींशी ताडून पाहता आल्या म्हणूनच. कुणा एका सत्तेने सगळ्या प्रती गोळा करून एकदम बदलल्या असत्या तर हे फरक उरलेच नसते. उरलेले बहुतेक फरक शुद्धलेखनाचे, शब्दांच्या मागेपुढे होण्याचे आहेत. मजकूर मोठ्या प्रमाणात सुरक्षित आहे, असं मी कुठल्याही वर्गात, कुठल्याही धर्माच्या मुलांपुढे सांगेन.

प्रश्न : मी हिंदू आहे, बँकेतून निवृत्त. तुमचं सदर आवडीने वाचतो. लूक म्हणतो येशू रोमन सुभेदार क्विरीनियाच्या खानेसुमारीच्या वेळी जन्मला, मत्तय म्हणतो हेरोद राजा जिवंत असताना. माझ्या वाचनाप्रमाणे या दोहोंत जवळजवळ दहा वर्षांचं अंतर आहे. याचं उत्तर तुम्ही लोक टाळता, असा माझा अनुभव. — एक वाचक, सांगली

उत्तर : टाळत नाही. तुमचा हिशेब बरोबर आहे. हेरोद वारला इ. स. पूर्व ४ मध्ये, क्विरीनियाची खानेसुमारी इ. स. ६ ची. क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार असेल, खानेसुमारी दोनदा झाली असेल, अशा तोडग्यांनी मेळ घालायचा प्रयत्न शेकडो वर्षं चालू आहे. मला त्यातला एकही पटलेला नाही. लूकाची इथे गल्लत झाली असावी असं मी मानतो, आणि हे छापून यायला माझी काही हरकत नाही.

पण साहेब, आपण दोघेही मराठी, तेव्हा एक आठवण करून देतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शके १५४९ की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १६२७ की १९ फेब्रुवारी १६३०, यावर महाराष्ट्रात किती वर्षं वाद झाला! लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्धीस आणली तेव्हा कुठे दुसऱ्या तिथीला जोर आला. बखरींनी तीन वर्षांचा घोळ घातला म्हणून महाराज झालेच नाहीत, असं कुणी म्हटलं नाही. बखर आणि अस्सल कागद यांतला भेद राजवाड्यांनी आपल्याला शिकवला. बखर टाकायची नसते आणि ती डोळे मिटून घ्यायचीही नसते.

शुभवर्तमानं मी त्या नजरेने वाचतो. सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. मार्काने लिहिलं येशूच्या मृत्यूनंतर साधारण चाळीस वर्षांनी, लूक आणि मत्तय त्याहून पुढे. त्यांत आठवण आहे, भक्ती आहे, रचना आहे, क्वचित चूकही आहे. जन्मकथांत ती जास्त, कारण त्या घटना सांगणाऱ्यांपासून सगळ्यांत लांबच्या. तोच लूक ‘प्रेषितांची कृत्ये’ या आपल्या दुसऱ्या पुस्तकात मात्र हुद्दे अचूक देतो. थेस्सलनीकातल्या नगराधिकाऱ्यांना त्याने दिलेलं नाव तिथल्याच शिलालेखात सापडलं. ग्रीसमधल्या करिंथ शहरात प्रेषित पौलाला ज्या रोमन सुभेदारापुढे उभं केलं तो गल्लियो ग्रीसमधल्या डेल्फीच्या शिलालेखात आहे, आणि त्यावरून त्याची कारकीर्द ५१-५२ अशी ठरते. ही पक्की तारीख पुढच्या उत्तरात कामी येणार आहे. त्याआधी एक छोटा प्रश्न उरकतो.

प्रश्न : येशू काश्मीरला येऊन शिकून गेला, त्याची कबरही श्रीनगरला आहे, असं आमच्या मंडळात एका वक्त्यांनी सांगितलं. आणि संत थोमा भारतात आला हे तरी खरं का? ट्युरिनच्या कफनाचं काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : काश्मीरच्या गोष्टीला पाया नाही. १८९४ साली नोटोविच या रशियन प्रवाशाने पॅरिसमध्ये पुस्तक छापलं की लडाखच्या हेमिस मठात त्याला ‘इसा’चं, म्हणजे येशूचं, चरित्र वाचून दाखवलं गेलं. मॅक्स म्युलरने त्याच वर्षी शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातले डग्लस नावाचे प्राध्यापक मुद्दाम हेमिसला गेले. तिथल्या प्रमुख लामांनी साफ सांगितलं की असा ग्रंथ आमच्याकडे नाही. श्रीनगरची कबर येशूची हा दावा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. ट्युरिनला येशूचं कफन म्हणून जपलेल्या कापडाची १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली, वय निघालं १२६० ते १३९०. त्यावर अजून वाद घातले जातात, पण पुरावा म्हणून कुणापुढे ते कापड ठेवू नये.

येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. तिसऱ्या शतकातल्या सिरियाक ग्रंथात तो गोंडोफारेस राजाच्या दरबारी येतो. असा राजा होता हे एकोणिसाव्या शतकापर्यंत या ग्रंथाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मग वायव्य भारतात आणि अफगाणिस्तानात त्याची नाणी निघाली, शिलालेखावरून काळही पहिल्या शतकाचा पूर्वार्ध ठरला. म्हणजे राजा खरा. थोमा त्याच्याकडे आला हे मात्र नाण्यांवर लिहिलेलं नाही. शक्य आहे, यापलीकडे मी जात नाही. केरळातली परंपरा तो ५२ साली आला असं सांगते, आणि ती इतकी जुनी व सलग आहे की तिला हसण्यावारी नेऊ नये. आपल्या बाजूला त्याहून ठाम असं आहे ते सहाव्या शतकातलं : कॉस्मस हा व्यापारी ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात.

प्रश्न : सर, मी सोलापूरला परिचारिका आहे. वर्षभरापूर्वी वडील गेले. दफनाच्या वेळी पाळकांनी पहिल्या करिंथकरांसचा पंधरावा अध्याय वाचला : ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रोज माणसं मरताना पाहते, उठलेलं कुणी पाहिलं नाही. पुनरुत्थानाला खरोखर पुरावा आहे का? माझा मुलगा अकरावीत आहे, तोही हेच विचारतो. त्याला काय सांगू? — एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या अध्यायाने तुम्हाला अस्वस्थ केलं, तोच पुनरुत्थानाच्या साक्षीदारांबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत जुना कागद आहे.

गल्लियोच्या तारखेवरून पौल करिंथात कधी होता ते कळतं, आणि त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं हे पत्र साधारण ५३ ते ५५ मधलं ठरतं. मघाच्या भाषेत बोलायचं तर शुभवर्तमानं बखरीच्या अंगाची, पौलाची पत्रं अस्सल कागद. त्यात पौल म्हणतो, मला जे सांगण्यात आलं तेच मी तुम्हाला सांगितलं : ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बाराजणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, सगळ्यांत शेवटी मला. ही यादी पौलाने रचलेली नाही, त्याने ती पाठ घेतलेली आहे. कुणाकडून? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सांगतो की मनाचा पालट होऊन येशूचा झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटला. तोच याकोब, ज्याच्या दगडमाराची हकिगत जोसेफस देतो. हे सगळं वधस्तंभानंतर पाच-सात वर्षांच्या आतलं. शंभर वर्षांनी हळूहळू वाढलेली दंतकथा, हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

कबरीचं काय? काही अभ्यासक म्हणतात की रोमन लोक वधस्तंभावरचं प्रेत कुत्र्या-गिधाडांना टाकत, कबर नंतर रचली. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला एक कौटुंबिक कबर उघडली. अस्थी ठेवायच्या दगडी पेटीत योहानान नावाच्या माणसाच्या टाचेचं हाड होतं, त्यातून आरपार गेलेला साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाचा अंश, टोक वाकलेलं. बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून वाकलं, म्हणून तो निघाला नाही आणि घरच्यांनी टाच तशीच पेटीत ठेवली. तुम्ही परिचारिका आहात, त्या घरच्यांच्या हातांनी काय सोसलं असेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. यावरून येशूची कबर सिद्ध होत नाही. पण वधस्तंभावर मेलेल्या यहूद्याला घरचे कबर देऊ शकत, हे मात्र सिद्ध होतं. आणि रिकामी कबर आधी स्त्रियांनी पाहिली, असं चारही शुभवर्तमानं सांगतात. त्या समाजात स्त्रीची साक्ष हलकी मानली जाई, जोसेफसही ती घेऊ नये म्हणतो. गोष्ट रचायचीच असती तर पहिले साक्षीदार पुरुष ठेवले असते.

आता दुसरी बाजू, तीही तितक्याच मोकळेपणाने. शिष्यांना काहीतरी दिसलं, हे अविश्वासी अभ्यासकही बहुतांशी मान्य करतात. काय दिसलं, यावर वाटा फुटतात. जर्मनीत ग्योटिंगेनला गेर्ड ल्यूडेमान हे नव्या कराराचे प्राध्यापक होते. त्यांनी हाच पुरावा तपासला आणि ठरवलं की दुःख आणि अपराधी भावनेतून पेत्राला भास झाला, तो इतरांत पसरला. पुढे त्यांनी आपण ख्रिस्ती राहिलो नाही असं जाहीर केलं. त्याच देशात पिन्हास लापिडे हे धर्मनिष्ठ यहूदी विद्वान होते. त्यांनी हाच पुरावा तपासला आणि ठरवलं की देवाने येशूला खरोखरच उठवलं. तरी ते शेवटपर्यंत यहूदीच राहिले, येशूला मसीहा मानलं नाही. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. एकाच कागदावरून एक विश्वास सोडून गेला, दुसऱ्याने घटना मानली आणि विश्वासात आला नाही. पुरावा माणसाचा हात धरून विश्वासात नेऊन बसवत नाही, हे याहून स्पष्ट मी दाखवू शकणार नाही.

आपल्याकडेही हे होऊन गेलं आहे. १८३९ मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहिली. येशूचे चमत्कार हा धर्माच्या खरेपणाचा पुरावा, अशी त्याची मांडणी. चमत्कारांच्या कथा सगळ्याच धर्मांत आहेत, असा उलट सवाल आपल्या पंडितांनी केला, आणि तो बिनतोड होता. उत्तर देणाऱ्यांत काशीचे तरुण मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे होते. त्याच नीळकंठशास्त्र्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. म्यूरच्या पुराव्यांनी ते हरले म्हणून नव्हे. स्वतःशी वर्षानुवर्षं झगडून. पुढे त्यांच्या पत्रांनी पंडिता रमाबाईंच्या बुद्धीचं समाधान केलं. पण त्याआधी रमाबाईंचं मन हललं होतं ते लंडनजवळ फुलहॅमला. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी जवळ करत होत्या. हे असं का, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना, लोकांनी हलकी मानलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आपणहून बोलला, ती गोष्ट वाचून दाखवली गेली.

माझ्यापुरतं सांगतो. भासाचं स्पष्टीकरण पेत्राला लागू पडतं असं मी मान्य करतो. याकोबाला आणि पौलाला ते पडत नाही. भाऊ जिवंत असताना याकोबाचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पौल तर या लोकांना धरून तुरुंगात टाकत होता, तो येशूसाठी शोक करत नव्हता. दोघेही बदलले आणि दोघांनीही त्यापायी मार खाल्ला. याकोबाने तर यरुशलेमातच जीव दिला. त्यांनी उठलेल्या येशूला पाहिलं, हे मला उपलब्ध स्पष्टीकरणांत सर्वांत सरळ वाटतं. पण मेलेला माणूस उठतच नाही असं ज्याने आधीच धरलं आहे, त्याला ते सरळ वाटणार नाही, आणि कागद पुढे करून मी त्याला हरवू शकत नाही. इथे माझी इतिहासकाराची शिदोरी संपते. त्यापुढे मी जातो तो त्या माणसावर भरवसा ठेवून. शत्रूवर प्रीती करा म्हणणारा आणि वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा तो मला खोटा वाटत नाही. हा भरवसा आहे, सिद्धता नव्हे, आणि दोघांना एकच नाव देणं मला कधी जमलं नाही.

तुमचं रडणं विश्वासाविरुद्ध नाही, ताई. पौलाने ते वाक्य लिहिलं तेव्हा त्याच्यासमोरही आप्तांना पुरलेली माणसंच होती, आणि त्याने त्यांना ‘व्यर्थ असेल तर व्यर्थ म्हणा’ इतकं मोकळं सोडलं. तुम्हालाही ती मोकळीक आहे.

मुलाला फिरते संदेश देऊ नका. गलतीकरांसचा पहिला अध्याय आणि करिंथकरांसचा पंधरावा शेजारी ठेवून त्याच्याबरोबर बसा. कोण कुणाला कधी भेटलं, याचा तक्ता त्यालाच करायला सांगा, अकरावीच्या मुलाला ते छान जमेल. मग मार्क एका बैठकीत वाचा, दीड-दोन तास लागतील, आणि सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओळीला थांबा. त्याला जे वाटेल ते बोलू द्या. ‘मला पटत नाही’ म्हणाला तर का पटत नाही ते त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठवायला सांगा. उत्तर मी त्यालाच लिहीन.